६४ किलोबाइटमध्ये जागा करून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

गौरी जेवणाच्या दिवशी तुम्ही माहेरी आला होतात. घर पाहुण्यांनी भरलेलं, दिवसभर स्वयंपाक, संध्याकाळी हळदी-कुंकू, आणि रात्री साडेनऊला माझा फोन. "दोन मिनिटं बोलू का?" असं विचारून मी तुमचे दोन तास घेतले. फोन ठेवताना घाईघाईत 'थँक्यू ताई' म्हणालो, पण तेवढ्यावर भागवणं मनाला पटेना. शिवाय छोट्या चिपमध्ये प्रोग्रॅम न मावण्याच्या याच अडचणीत कुणी अडकलेलं असेल तर त्यालाही उपयोग व्हावा, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ब्लोअरवर (हवा फुंकणाऱ्या पंख्यावर) बसवायचं, बेअरिंगचा बिघाड ओळखणारं आमचं छोटं यंत्र तुम्हाला माहीत आहेच. मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची, म्हणजे सेकंदाला २४. बेअरिंग बिघडायला लागलं की कंपनांमध्ये या २४ हर्ट्झखेरीज भलत्याच जागी शिखरं दिसू लागतात. ती पकडायला सेकंदाला ३२०० नमुने घ्यायचे आणि दर १०२४ नमुन्यांवर एफएफटी, म्हणजे कंपनात कुठल्या फ्रिक्वेन्सी किती आहेत हे काढणारं गणित, चालवायची. चिप कॉर्टेक्स-एम४ गाभ्याची, प्रोग्रॅम साठवायची फ्लॅश ६४ किलोबाइट, चालताना लागणारी रॅम १६. बोर्ड सोल्डर होऊन आलेले, त्यामुळे मोठी चिप घेण्याचा प्रश्नच नव्हता. एफएफटीसाठी आर्मची सीएमएसआयएस-डीएसपी लायब्ररी घेतली. तोवर सगळा प्रोग्रॅम ३५ किलोबाइटमध्ये होता. एफएफटीची ओळ घातली आणि लिंकरने, म्हणजे सगळे तुकडे जोडून अंतिम प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाने, सांगितलं, फ्लॅश ४९ हजार बाइटनी ओसंडली.

तीन दिवस मी भलतीकडेच झगडत होतो. आकार कमी करण्याचा कंपायलरचा ओ-एस पर्याय लावला, प्रिंटएफ या छापायच्या फंक्शनमधला दशांशाचा आधार काढला, आणि शेवटी डिस्प्लेवरची मराठी अक्षरंसुद्धा काढून टाकली. 'बेअरिंग तपासा' च्या जागी 'ई-०३' आलं. ते काढताना फार वाईट वाटलं, कारण ब्लोअरपाशी उभं राहणाऱ्या माणसांसाठीच तर ती अक्षरं बसवली होती. एवढं करून सहा-सात किलोबाइट सुटले.

तुम्ही उपाय सांगितला नाहीत. आधी विचारलंत, "मॅप फाइल उघडलीस का?" प्रोग्रॅमच्या कुठल्या भागाने किती जागा घेतली याची ती यादी मी कधीच उघडली नव्हती. मग म्हणालात, "उघड, आणि सगळ्यात मोठे आकडे कुणाचे आहेत ते मला वाचून दाखव." मी वाचत गेलो. ट्विडलकोएफ_२०४८ (एफएफटीला लागणाऱ्या, आधीच मोजून ठेवलेल्या साइन-कोसाइनच्या आकड्यांचं टेबल), हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या मोजणीत, ४०००. ट्विडलकोएफ_आरएफएफटी_४०९६, पुन्हा ४०००. हेक्समधले ४००० म्हणजे १६,३८४ बाइट, दोन टेबलांचेच ३२ किलोबाइट झाले. तुम्ही विचारलंत, "तुझी लांबी किती?" मी म्हणालो १०२४. "मग ४०९६ चं टेबल तुझ्याकडे काय करतंय?"

त्यावर तुम्ही जे समजावलंत ते अजून कानात आहे. लिंकर फक्त तेच टाकून देतो ज्याचा उल्लेख कुठेच नाही. एफएफटीची तयारी करणारं जे इनिट फंक्शन मी बोलावत होतो त्याला लांबी आकड्याने द्यायची असते, आणि आत एक स्विच आहे: ३२ आली तर हे टेबल, ६४ आली तर ते, असं ४०९६ पर्यंत. मी नेहमी १०२४ च देणार हे लायब्ररीच्या आधीच कंपाइल झालेल्या फाइलला कसं कळणार? उल्लेख सगळ्यांचा, म्हणून टेबलंही सगळी आत. बिट-रिव्हर्सलची (आकड्यांचा क्रम बदलण्यासाठीची) टेबलं धरून ती ७७ किलोबाइट भरतात, म्हणजे आमच्या पूर्ण फ्लॅशहून जास्त. आणि ओ-एस का फळला नाही तेही तेव्हाच उमगलं. तो प्रोग्रॅममधल्या सूचना आटवतो, पण टेबल हा डेटा आहे, त्यातला एक आकडाही तो कमी करू शकत नाही.

टेबलं रॅममध्ये सुरुवातीलाच मोजून ठेवायची का, असं मी विचारलं. किस-एफएफटी ही दुसरी लायब्ररी तसंच करते, हे तुम्हीच सांगितलंत. पण लगेच हिशोब मांडायला लावलात: येणारे १०२४ फ्लोट (चार बाइटचे दशांशी आकडे) आणि जाणारे १०२४ फ्लोट मिळून ८ किलोबाइट गेले, आता १६ मधल्या उरलेल्यात टेबलं, स्टॅक आणि बाकीचं सगळं बसव. बसेना. एफएफटीडब्ल्यूचंही बोलण्यात आलं. फ्रिगो आणि जॉन्सन यांच्या त्या लायब्ररीत वेगवेगळ्या लांबीचे तयार तुकडे असतात आणि कुठले वापरायचे ते प्रोग्रॅम चालताना ठरतं, त्यामुळे तिथेही न लागणारे तुकडे सोबत येतात. माझ्या कामाशी त्याचा संबंध नव्हता, पण दुखणं एकट्या माझं नाही हे ऐकून धीर आला.

शेवटी बदल एका ओळीचा निघाला. लायब्ररीची नवी आवृत्ती घ्यायची आणि ज्याच्या नावातच लांबी आहे ते फंक्शन बोलवायचं: आर्म_आरएफएफटी_फास्ट_इनिट_१०२४_एफ३२. त्यात स्विच नाही. न लागणारे भाग लिंकरला टाकता यावेत यासाठीचे फंक्शन-सेक्शन्स, डेटा-सेक्शन्स आणि जीसी-सेक्शन्स हे तीन पर्याय लागलेत ना, हे तुम्ही दोनदा तपासायला लावलंत. १०२४ ची ही एफएफटी आतून ५१२ ची वापरते; त्या ५१२ च्या एफएफटीचं टेबल ४०९६ बाइट, जोडीचं १०२४ चं ४०९६, बिट-रिव्हर्सलचं ८९६. सगळं मिळून ९ किलोबाइटसुद्धा नाही. बिल्ड पास झालं तेव्हा पावणेबारा वाजले होते आणि तुमच्याकडे मागे भांडी आवरल्याचा आवाज येत होता.

ताई, मॅप फाइल तुम्ही मागवून घेतली असतीत तर पाच मिनिटांत मला ओळ सांगून झोपायला गेला असतात. त्याऐवजी दिवसभराच्या दगदगीनंतर माझ्याकडून एकेक आकडा वाचून घेतलात. त्यानंतर दुसऱ्या एका बोर्डावर असंच अडलं, तेव्हा मी फोन न करता आधी मॅप फाइल उघडली आणि अर्ध्या तासात सुटलो. हे तुमचं देणं आहे.

मराठी अक्षरं परत बसवली आहेत. अनंत चतुर्दशीनंतर पहिलं यंत्र ब्लोअरवर लागलं. मुद्दाम सैल केलेल्या बेअरिंगवर चाचणी घेतली, तर डिस्प्लेवर 'बेअरिंग तपासा' उमटलं, आणि तिथल्या मामांनी ते मोठ्याने वाचून मोटर बंद केली. फोटो पाठवतोय.

आपला,
कॉलेजातला ज्युनिअर, शिरोलीहून