चोरलेल्या चित्रपटाची तक्रार नाशिकमध्येच घेतली जावी

महोदय,

इंटरनेटवरून टीव्ही पाहणे आता नाशिकमध्ये घरोघरी रुळले आहे आणि त्याचे स्वागतच करायला हवे, कारण चित्रपटगृहात पुरेसे खेळही न मिळणाऱ्या मराठी चित्रपटाला ओटीटीमुळे दुसरी संधी मिळते. पण प्रदर्शनानंतर दोन-चार दिवसांतच तो टेलिग्रामवर फुकट फिरू लागला, तर ओटीटी कंपनीने त्यासाठी रक्कम मोजावी तरी का? चित्रपटगृहात मोबाइलवर चोरून टिपलेल्या अशा प्रतीत मध्येच उठलेल्या प्रेक्षकाची सावली पडद्यावरून सरकते, शेजारच्याचे खोकणे ऐकू येते. तरीही सुशिक्षित घरांतूनसुद्धा ‘लिंक पाठव ना’ अशी मागणी होते, याची मला खरोखर खंत वाटते.

कायदा ढिला आहे, असे म्हणता येणार नाही. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार अशा चोरीला ३ महिने ते ३ वर्षे कैद आणि किमान ३ लाख रुपयांपासून निर्मितिखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय माहिती व प्रसारण मंत्रालयाने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्यांकडे तक्रार केल्यास ४८ तासांत लिंक हटवली जावी, अशी तरतूद आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खालील गुन्हा दखलपात्र असल्याचा निर्वाळाही सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला. म्हणजे गुन्हा नोंदवण्यासाठी पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. मालिका आणि वेबमालिकांसाठी हे कलम विशेष मोलाचे आहे, कारण नोडल अधिकाऱ्यांची व्यवस्था चित्रपटांपुरती आहे.

अडचण अंमलबजावणीची आहे. मोठ्या निर्मितिसंस्था वकिलांची फौज उभी करून न्यायालयाकडून संकेतस्थळे बंद करवून घेतात आणि तीच संकेतस्थळे नाव किंचित बदलून पुन्हा उघडली, तर त्यांच्यामागे धावण्याचे बळही त्यांच्याकडे असते. कर्ज काढून एखादाच चित्रपट करणाऱ्या इथल्या निर्मात्याने हे कुठून आणावे? दादासाहेब फाळके यांनी ज्या नाशिकमध्ये चित्रपटनिर्मिती केली, तिथे निदान तक्रार तरी सहज करता यायला हवी.

म्हणून शहर पोलिसांच्या सायबर विभागात कॉपीराइटच्या तक्रारींसाठी एक अधिकारी नेमावा, तक्रारीचा सोपा मराठी नमुना उपलब्ध करावा आणि चित्रपटाची तक्रार नोडल अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवण्यास त्याच ठिकाणी मदत मिळावी, अशी माझी पोलीस आयुक्तांना विनंती आहे.

– एक चित्रपटप्रेमी वाचक, गंगापूर रोड, नाशिक