अंगणवाडीच्या ताईंना, खानापूर तालुक्यातल्या आयांकडून

प्रिय ताई,

पाच वर्षांखालची पोरं घेऊन बेळगावला जायचं म्हटलं की आपल्याकडे घरोघरी एकच बेत ठरतो: किल्ला, कपिलेश्वर, गणपत गल्लीत खरेदी आणि संध्याकाळी कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, घेऊन परत. पालकांच्या बैठकीत तुम्ही त्यातलं निम्म्याहून जास्त खोडलंत आणि उरलं ते वेळेसकट फळ्यावर मांडलंत. त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र सगळ्यांसमोर ठेवतोय, कारण निपाणी, चिकोडी आणि सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडच्या आयांनाही ते उपयोगी पडेल.

तुम्ही सुरुवात ठिकाणांपासून केली नाहीत, झोपेपासून केलीत. दीड ते तीन वर्षांचं मूल बहुधा दुपारी एकदाच झोपतं, जेवण झाल्यावर तास-दोन तास. ती झोप गर्दीत हुकली की पुढचा वेळ रडण्यात जातो, आणि आपण म्हणतो पोरगं हट्टी झालंय. म्हणून सकाळी आठच्या आत घर सोडायचं, साडेअकराला बघणं थांबवायचं, जेवण आणि शी-शू उरकून साडेबाराच्या सुमारास मिळेल ती परतीची बस धरायची. खानापूर सुमारे २५ किलोमीटर. मांडीवर लागलेली झोप घरी आल्यावर पुढे चालू राहते. वर्षाच्या आतलं मूल सकाळीही झोपतं. त्याला जाताना बसमध्ये झोपू द्यायचं, खिडकीतून म्हशी दाखवत जागं ठेवायचं नाही. निपाणीहून अंतर तिप्पट, त्यामुळे तिकडच्यांनी एकच ठिकाण धरावं, हेही तुमचंच सांगणं.

बसचं गणित तुम्ही फार नेमकं सांगितलंत. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या आणि एक्स्प्रेस बसचा प्रवास मोफत झाला. त्यासाठी कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवून शून्य तिकीट घ्यावं लागतं. चंदगडच्या बायकांना ते लागू नाही, त्यांनी सुटे पैसे ठेवावेत. आता बस भरून येतात, म्हणून वाटेतल्या फाट्यावर हात करण्यापेक्षा बस सुटते तिथं जाऊन बसावं. मागच्या चाकावरची आणि शेवटची सीट नको, तिथं उसळी जास्त बसते आणि मूल ओकतं. निघताना पेलाभर दूध पाजणं हेही ओकण्याचं नेहमीचं कारण. तासभर आधी थोडं खायला द्यावं, बसमध्ये घोट-घोट पाणीच. बसची पाटी कन्नडमध्ये असते. ती वाचता येत नसेल तर पोरासकट वर चढण्याआधी कंडक्टरला विचारावं. रेल्वेनं जायचं तर पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी सीट घेतली नाही तर तिकीट लागत नाही.

ठिकाणं तुम्ही दोनच ठेवलीत. पहिलं किल्ला, कारण तो मध्यवर्ती बसस्थानकापासून जवळ आहे आणि आत बराचसा भाग सपाट आहे, चढण-पायऱ्यांचा त्रास नाही. अंतर थोडं असलं तरी रस्ता सतत वाहता, म्हणून दोन मुलं असतील तर रिक्षा करावी. मूल सीटच्या मधोमध, उघड्या बाजूला मोठं माणूस. आत कमल बसदी गाठायची. १२०४ साली रट्टांच्या काळात बांधलेलं हे जैन मंदिर. मोठ्यांना शिलालेखाचं, मूर्तीचं अप्रूप, पण पोराला काय दाखवायचं ते तुम्ही सांगितलंत: मंडपात खाली बसायचं, मुलाला मांडीवर उताणं घ्यायचं आणि वर बघू द्यायचं. छतातून दगडाचं कमळ खाली उतरलेलं दिसतं, पाकळीखाली पाकळी. मग खांबाला हात लावू द्यायचा. घोटून गुळगुळीत केलेला काळा दगड सकाळी गार लागतो. मूल इथं पंधरा-वीस मिनिटं रमतं, आणि तेवढं पुरे. चपला बाहेर काढाव्या लागतात. मार्च-एप्रिलमध्ये दहानंतर बाहेरची फरशी तापते, म्हणून पायमोजे पिशवीत असू द्यावेत. खंदकाच्या आणि तळ्याच्या काठावर मूल कडेवरच.

दुसरं ठिकाण कॅम्पातलं, म्हणजे लष्करी वस्तीतलं, मिलिटरी महादेवाचं देऊळ. झाडी आहे, बाग आहे, आणि दर्शनाला मोठी रांग नसेल तर मुलाला मोकळं धावता येतं. किल्ल्यात उचलून घेतलेल्या मुलाला इथं खाली सोडायचं, हा क्रम तुम्ही मुद्दाम लावलात. आधी बाग दाखवली की नंतर देवळात ते बसत नाही. रेल्वेनं आलेल्यांना मात्र कॅम्प आधी लागतो. त्यांनी फक्त बागच करावी, किल्ला सोडून द्यावा.

गणपत गल्ली, खडे बाजार या यादीत नाहीत याचा काही सासवांना राग आला, पण तुमचं म्हणणं बरोबर आहे. तिथल्या गर्दीत मुलाच्या तोंडाशी मोठ्यांच्या पिशव्या आणि दुचाकीचे धूर येतात. बाबागाडी तर तिथं ढकलताच येत नाही; दुपट्याची झोळी किंवा कड, हेच खरं वाहन. झोळीत बाळाचं तोंड दिसत राहावं आणि हनुवटी छातीला टेकू नये. कुंदा हवाच असेल तर एका मोठ्यानं जाऊन आणावा, बाकीच्यांनी बागेत बसावं. दोन वर्षांखालच्यांना तो देऊ नये.

खाण्याचं तुम्ही सांगितलंत ते आता इथं बऱ्याच घरांत चालू आहे. मऊ भात, खिचडी डब्यात न्यायची नाही. शिजवलेलं ओलसर अन्न उन्हाळ्यात तास-दोन तासांत खराब होऊ लागतं. त्याऐवजी दशमी. एक वाटी कणकेला साधारण अर्धी वाटी कोमट दूध, लागेल तसं, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. पाणी अजिबात नाही. पातळ लाटून मंद आचेवर भाजायची. आणि खरी मेख पुढं आहे: गरम दशमी डब्यात बंद केली की वाफेचं पाणी सुटतं, ती चिकट होते आणि दुपारपर्यंत आंबूस वास येतो. कापडावर पसरून पूर्ण गार झाल्यावरच डबा लावायचा. सोबत सालीसकट केळी. हॉटेलात बसलात तर गरम इडली, चटणीशिवाय, हातानं कुस्करून. शेंगदाणे, फुटाणे, भडंग बसमध्ये लहानग्यांच्या हाती द्यायचं नाही. ब्रेक लागला की दाणा घशात अडकतो. सहा महिन्यांखालच्या बाळाला अंगावरचं दूधच, पाणीसुद्धा नाही. बाकीच्यांसाठी मुलामागे एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चार-पाच डायपर किंवा सहा-सात लंगोट, कपड्यांचे दोन जोड, ओल्या कपड्यांना दोन पिशव्या, एक दुपटं आणि ओआरएसची एक पुडी. ती पूर्ण पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात घालायची. अर्ध्या पेल्यात कालवली तर क्षार जास्त होऊन उलट अपाय होतो.

आणि ते ‘तोंडानं सांगून सोपवणं’! चार मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं मूल दुसऱ्याकडे आहे, आणि नेमकं तेव्हाच ते दूर जातं. म्हणून तीन वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे एक ठरलेलं माणूस. त्याला तिकीट काढायला किंवा मोरीला जायचं असेल तर नाव घेऊन सांगायचं, ‘अक्का, याला तुझ्याकडे दिलं,’ आणि समोरून ‘घेतलं’ आल्याशिवाय हात सोडायचा नाही. फोन नंबर चिठ्ठीवर लिहून मुलाच्या खिशात, पाठीवरच्या पिशवीत नाही. पिशवी आधी हरवते.

टाळायचे दिवसही तुम्ही लिहून दिलेत, म्हणून इथं नोंदवतो: वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचा दिवस, गणेश विसर्जन, १ नोव्हेंबरचा कर्नाटक राज्योत्सव आणि सुवर्ण विधानसौध या बेळगावातल्या विधिमंडळाच्या इमारतीत अधिवेशन चालू असतानाचे दिवस. चन्नम्मा चौकाकडचे रस्ते वळवले की बस कुठं थांबेल याचा भरवसा नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये बेळगावचा पाऊस छत्रीला जुमानत नाही, तेव्हा नकोच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. फक्त सकाळी थंडी असते, एकच जाड स्वेटर न घालता दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत, म्हणजे ऊन वाढेल तसे काढता येतात.

भुतरामनहट्टीचं प्राणिसंग्रहालय मूल स्वतःच्या पायांनी तासभर चालायला लागेपर्यंत थांबवा, असं तुम्ही म्हणालात. काही पोरांना आता चार वर्षं पुरी झालीत, ताई. त्यांच्यासाठीही असाच बेत तुमच्याकडून हवा आहे. पुढच्या बैठकीला वही घेऊन येतोय.

तुमच्या,
अंगणवाडीतल्या मुलांच्या आया आणि आज्या