रील टाक, पण समेवर थांब

चि. सानू,
अनेक आशीर्वाद.

गाण्याचे व्हिडिओ टाकावेत का, असं विचारलंस. जरूर टाक. थोडक्या वेळात राग मांडायची पाळी आपल्या गाण्यावर काही पहिल्यांदा आलेली नाही. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहरजान ध्वनिमुद्रणासाठी गायल्या, तेव्हा ग्रामोफोनच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. पण त्या तेवढ्या वेळासाठीच बांधून गायल्या. मोठ्या ख्यालाचा, म्हणजे सावकाश रंगवायच्या गाण्याचा, लचका तोडणं वेगळं.

म्हणून आधी हिशेब कर. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीत, बारा मात्रांच्या एकतालात मात्रा (तालाचा एक ठोका) पाच सेकंदांची धरली, तर एका आवर्तनालाच, म्हणजे तालाच्या एका फेरीलाच, मिनिट जातं. त्याची रील होत नाही. सोळा मात्रांच्या तीनतालात मिनिटाला १६० मात्रा ठेवल्यास आवर्तन सहा सेकंदांचं, म्हणजे ९० सेकंदांत पंधरा आवर्तनं. स्थायी (बंदिशीचा, म्हणजे रागात बांधलेल्या रचनेचा, पहिला भाग), दोन-तीन ताना, तिहाई (तीनदा म्हणायचा शेवटचा तुकडा), एवढं निवांत बसतं. मुखड्यापासून, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या तुकड्यापासून, उचल आणि समेवरच, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवरच, संपव.

खरा घोळ फोन घालतो. त्याचा माइक आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतो. मंद्रात, खालच्या सप्तकात, हळू गायलीस की पातळी वाढते, पंख्याची घरघर वर येते. तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर, तीच दाबली जाते आणि आवाजातला सगळा चढउतार सपाट होतो. 'नॉइज रिडक्शन' चालू असेल तर तानपुराच पुसला जातो, कारण एकसारखा चालणारा नाद यंत्राला गोंगाट वाटतो. मारवा रागात तर हे फारच बोचतं. तिथे आपण षड्ज मुद्दाम टाळतो. तानपुराही गेला तर ऐकणाऱ्याने कोमल रिषभ कशाच्या आधाराने ऐकायचा?

तेव्हा पंखा बंद, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर, माइक तोंडापासून दीड फुटावर. पातळी हाताने लाव. सगळ्यात चढा स्वरही रेकॉर्डरच्या मीटरवर उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नकोस. सुरुवातीला एक टाळी वाजव, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवता येतात. अख्खं गाणं यूट्यूबवर ठेव आणि रील त्यातूनच काढ. नुसत्या रीलसाठी गायला लागलीस की आलाप आखडतो, याची मला फार काळजी वाटते.

पारंपरिक बंदिशीवर कुणाची मालकी नाही. तरी यूट्यूबच्या यंत्रणेकडून चुकून मालकीचा दावा आला, तर घाबरून व्हिडिओ काढू नकोस. आक्षेप नोंदव; दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. गुरुजींनी स्वतः बांधलेली बंदिश मात्र त्यांना विचारल्याशिवाय टाकायची नाही. आणि ज्या रागाची तालीम अजून चालू आहे, तो सध्या घरातच गा.

तुझी,
आई