सिरॅमिक म्हणजे मातीच की हो!

मा. संपादक,
स. न.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत स्वयंपाकघरावर लेख होता, त्यात चौकट टाकलीये "मातीची भांडी घ्यावीत की सिरॅमिकची?" बायकोने ती मोठ्याने वाचून दाखवली आणि मी इतका हसलो की बशीतला चहा लेंग्यावर. अहो, ज्वारी खावी की भाकरी असं विचारल्यासारखं झालं हे. मी २८ वर्षं इन्सुलेटरच्या कारखान्यात भट्टीवर काढली (विजेच्या खांबावर चॉकलेटी रंगाच्या एकावर एक तबकड्या दिसतात ना, तेच ते), म्हणून राहवलं नाही.

सिरॅमिक हा शब्द आलाय ग्रीक केरामोसवरून, म्हणजे कुंभाराची माती. माठ, पणती, वीट, कौल, लोणच्याची बरणी, बाथरूमच्या टाइल्स, कमोड, सगळं त्यातच आलं. फरक एवढाच की माती कुठली आणि भाजली किती. नुसती वाळवली तर पाण्यात परत चिखल होतो, शाडूचा गणपती बघा ना, पण तीच ५००-६०० अंशांच्या पुढे गेली की तिच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं आणि मग कितीही भिजवा, चिखल नाही म्हणजे नाही. कुंभाराचा माठ याच्या थोडा वर भाजतो आणि त्यात बारीक भोकं राहतात. आम्ही चिनी मातीत क्वार्ट्झ (म्हणजे गारगोटी) आणि फेल्डस्पार नावाचं खनिज घालून १२५०-१३०० पर्यंत न्यायचो, तेव्हा फेल्डस्पार वितळून ती भोकं बुजवतो, मग त्यातून पाणीही जात नाही आणि वीजही नाही. ५७३ हा आकडा मी झोपेतही सांगीन, कारण तेवढ्या अंशाला क्वार्ट्झ तापताना एकदम फुगतं आणि गार होताना तिथेच एकदम आकसतं, घाई केली की तडा. एकदा एका नवीन पोराने भट्टी नीट निवायच्या आत दार उघडलं, आतून टण्ण टण्ण आवाज सुरू झाले, सगळा माल गेला. तो आवाज अजून कानात आहे.

आता माठाचं. माठ पाणी गार करतो ते त्या भोकांमुळेच, पाणी बाहेर झिरपून उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. हल्ली दुकानात आतून-बाहेरून चकचकीत ग्लेझ मारलेले माठ मिळतात, ग्लेझ म्हणजे काचेचाच पातळ थर, मग त्यात पाणी गार कशाला होईल? शोभेला ठेवा खुशाल. बरणीचं बरोबर उलटं, तिथे ग्लेझ पाहिजेच, कारण मीठ आणि आंबट धातूला खातं पण काचेला काही करत नाही. फक्त रंगीबेरंगी ग्लेझमध्ये पूर्वी शिसं वापरायचे आणि आंबटाने ते पदार्थात उतरतं, तेव्हा जत्रेतल्या भडक वाडग्यात ताक-लोणचं ठेवू नका. हे तुमच्या लेखात यायला पाहिजे होतं.

आणि "सिरॅमिक तवा" म्हणून जे विकतात तो आतून बहुतेक ॲल्युमिनियमचाच असतो, वर सिलिकाचा पातळ लेप, तोही भट्टीच्या मानाने अगदी कमी उष्णतेत पक्का केलेला. वापरून वापरून लेप जातोच, आमच्या घरचा तर वर्षभरात गेला. हां, नावाला हरकत घेता येणार नाही, आता सिरॅमिकमध्ये माती नसलेल्या वस्तूही येतात, स्पार्क प्लगचा पांढरा भाग ॲल्युमिनाचा असतो, माझ्या दाढेवरची कॅप झिर्कोनियाची आहे. पण म्हणून तव्याला बरणीचा मान द्यायचा का?

अजून एक, लेखात बोन चायना "शुद्ध शाकाहारी घरासाठी" सुचवलंय! त्यातलं बोन म्हणजे खरंच हाड हो. पारंपरिक बोन चायनात जवळपास निम्मी गुराढोरांच्या हाडांची राख असते. आमच्या एक मावशी अंडं शिजलेल्या भांड्याला शिवत नाहीत आणि पाहुण्यांना चहा बोन चायनाच्या कपातून देतात, त्यांना मी अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही नाव विचारू नका.

लेखात सिरॅमिक "बाहेरून आलेलं" असंही म्हटलंय. नगर जिल्ह्यातल्या जोर्व्याला १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं, तिथली तांबडी, वर काळी नक्षी असलेली भांडी तीन हजार वर्षांपूर्वीची, चाकावर घडवलेली आणि इतकी छान भाजलेली की वाजवली तर धातूसारखा आवाज येतो. माझी आजी माठ घेताना टिचकी मारूनच घ्यायची, आम्हीही कारखान्यात इन्सुलेटर वाजवूनच पाहायचो, बद्द आवाज आला की बाजूला.

तर पुढच्या रविवारी ती चौकट दुरुस्त करा, निदान माठाच्या फोटोखालचं "सिरॅमिक नाही" तेवढं तरी काढा. लोणचं प्लॅस्टिकपेक्षा बरणीत ठेवा असं लिहिलंय ते मात्र बरोबर आहे.

आपला,
एक निवृत्त भट्टीवाला, नाशिक