ताप 'गडगडत' नाही, तो उतरतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शनिवारच्या पुरवणीत विद्यार्थ्यांसाठी 'कमी होणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची चौकट आली आहे. फॉल, ड्रॉप, डिक्लाइन, प्लंज, प्लमेट, स्लम्प, ड्विंडल, रिसीड, वेन वगैरे. खाली सल्ला असा, की एकच शब्द परत परत न वापरता यातले आलटून पालटून वापरा. मी बिबवेवाडीत आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांचे वर्ग घेते. मुलांनी सल्ला मनावर घेतला. सरावाच्या वहीत एकाच्या आजोबांचा ताप 'प्लमेट' झाला, म्हणजे गडगडला, आणि एकीने मुठेचा पूर 'स्लम्प' करून दाखवला.

हीच मुलं मराठीत असं कधी बोलणार नाहीत. ताप उतरतो, पूर ओसरतो, तब्येत खालावते, आवक रोडावते, उत्साह मावळतो, वारा पडतो आणि भाव गडगडतात, हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. 'आजोबांचा ताप गडगडला' असं म्हटलं तर घरचे आधी हसतील, मग थर्मामीटर बघतील. इंग्रजीतही शब्दांची अशीच ठरलेली सोबत असते. पुराचं पाणी रिसीड होतं, वेदना ईझ होतात, वारा डाइज डाउन, लोकांचा रस वेन होतो, शिल्लक साठा ड्विंडल होतो, स्लम्प होते ती विक्री. (कपाळावरून मागे सरकणारे केसही रिसीडच होतात, हे उदाहरण मी पालकसभेत देत नाही.)

किती कमी झालं, हे सांगणाऱ्या शब्दांचंही तेच. 'भाव जोरात पडले' हे मनात धरून मुलं 'फेल हेविली' लिहितात. इंग्रजीत हेवी बहुधा असतो तो पाऊस, बर्फ, नाहीतर तोटा. भाव सहसा शार्पली किंवा स्टीपली फॉल होतात; हळूहळू उतरले तर ग्रॅज्युअली किंवा स्टेडिली. नाम हवं असेल तर शार्प फॉल, स्टेडी डिक्लाइन. 'प्लमेटेड स्लाइटली' तर आपल्या 'किंचित गडगडले' इतकंच हास्यास्पद आहे, कारण वेग त्या क्रियापदाच्या पोटातच आहे. आपल्या चौकटीत यातलं एक अक्षर नाही.

माझे वडील मार्केट यार्डात एका अडत्याकडे दिवाणजी होते. कांदा 'नरम' आहे, 'उतरला', 'पडला' आणि 'कोसळला' या त्यांच्या लेखी चार वेगळ्या बातम्या होत्या. नरम असेल तर माल घेऊन आलेला शेतकरी अजून थोडा थांबून बघायचा. कोसळला म्हणजे गाडीभाडंही सुटत नसे, आणि त्या दिवशी वडील घरी फारसं बोलायचे नाहीत. इंग्रजी व्यापारी पानांवरही भाव आधी सॉफ्टन किंवा ईझ होतात, मग फॉल, मग टम्बल, मग कोलॅप्स. सॉफ्टन म्हणजे थेट आपला 'नरम'. आपल्या बाजारभावाच्या सदरात या पायऱ्या रोज अचूक छापून येतात. ते सदर लिहिणाऱ्याला ही चौकट एकदा दाखवली असती तरी पुरे होतं.

त्याहून महागात पडते ती 'बाय' आणि 'टू'ची गल्लत. मराठीत 'नी' आणि 'वर' आपण कधी अदलाबदल करत नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. भरलेला साठा ६० टक्क्यांवर आला तर साडेसतरा टीएमसी उरतं. ६० टक्क्यांनी घटला तर पावणेबारासुद्धा नाही. हा फरक पुण्यात पोराटोरांनाही कळतो, कारण मागोमाग पाणीकपात येते. पण इंग्रजी आलेखासमोर बसलं की 'फेल टू' (वर आला) आणि 'फेल बाय' (नी घटला) त्यांना एकच वाटतं. आयईएलटीएस अकॅडेमिकच्या लेखनातला पहिला प्रश्न बहुधा आलेखाचा किंवा तक्त्याचाच असतो: किमान १५० शब्द, साधारण २० मिनिटं. तिथे एवढ्याशा अव्ययाने आकडाच खोटा ठरतो. शब्दसंपत्तीला चौथा हिस्सा गुण आहेत, आणि सातव्या बँडच्या, म्हणजे गुणपातळीच्या, निकषात शब्दांच्या जोड्यांचं भान असावं असं स्पष्ट म्हटलेलं आहे. किती वेगवेगळे शब्द ठासून भरले, याची मोजदाद तिथे होत नाही.

म्हणून विनंती, की पुढच्या चौकटीत शब्द निम्मेच द्या, पण प्रत्येकासमोर त्याच्यासोबत येणारे दोन-तीन शब्द आणि एक पुरं वाक्य छापा. जागा तेवढीच लागेल.

एक दुरुस्ती मात्र लगेच हवी. रुपयाच्या रोजच्या घसरणीसाठी चौकटीत 'डिव्हॅल्युएशन' दिलं आहे. ते सरकार ठरवून करतं, जसं ६ जून १९६६ रोजी डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये केला तेव्हा झालं. बाजारात रुपया आपोआप घसरतो ते डेप्रिसिएशन. माझ्या वर्गातल्या काही मुलांची परीक्षा येत्या शनिवारी आहे, तेव्हा ही दुरुस्ती त्याआधीच्या अंकात आली तर बरं.

आपली,
इंग्रजीची एक शिक्षिका,
बिबवेवाडी, पुणे ३७