स्टेडियम येतंय म्हणालास, त्यावरून

प्रिय सुधीर,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तर त्याच रात्री लिहायला घेतलं होतं, पण दुसऱ्या ओळीपासूनच मी तुला झापायला लागलो, म्हणून कागद बाजूला ठेवला. आता डोकं शांत आहे. बऱ्यापैकी.

तुमच्या मागच्या मोकळ्या जागेवर चाळीस हजार आसनांचं स्टेडियम मंजूर झालं, सोसायटीत आनंदीआनंद आहे, घरांचे भाव कसे चढतात बघाच असं सगळे म्हणताहेत. आणि शेवटी हळूच विचारलंयस की विरोधाच्या अर्जावर सही करू की नको. तुझी जुनी सवय. मुद्दा नेहमी शेवटच्या ओळीत.

मी तीन वर्षं स्टेडियमच्या मागच्या गल्लीत भाड्याने राहत होतो, आठवतंय ना? तू एकदाच आलास, तोही मॅचच्या दिवशी, आणि खिडकीत उभा राहून म्हणालास, "लेका, नशीब काढलंस." खोटं नव्हतं ते. फ्लडलाइटच्या उजेडात भिंतीवर ग्रिलची सावली पडायची, दिवा न लावता पेपर वाचता यायचा. टीव्हीवर बोलर अजून धावतोय तोवर खिडकीतून आरोळी आत यायची. विकेट पडलेली आम्हाला आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. रहस्यकथेचं शेवटचं पान कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं तसं. पण तू पाहिलेस ते वर्षातले वीस-पंचवीस दिवस. बाकीचे मी काढले.

त्या बाकीच्या दिवसांत मला स्टेडियम कधी दिसलंच नाही. दिसायची ती भिंत. बसस्टॉप पलीकडे होता, सरळ गेलं तर चार-पाच मिनिटांवर, पण मध्ये स्टेडियम, म्हणून कंपाउंडला वळसा घालून वीस मिनिटं. अकरा गेटं होती, त्यातलं एरवी उघडं एक, तेही आमच्या बाजूला नाही. त्या भिंतीलगत ना दुकान, ना खिडकी, ना पायरीवर गप्पा मारत बसलेलं कुणी. रात्री साडेनऊला तिथून चालताना आपल्याच चपलांचा आवाज ऐकू यायचा. दिवसा तोच रस्ता ट्रक उभे करायची जागा. गजबजलेल्या शहराच्या मधोमध इतकी ओसाड गल्ली कशी, हे कोडं मला तेव्हा उलगडलं नव्हतं. नंतर इकडचं-तिकडचं वाचत गेलो तसं उलगडलं.

आधी वर्षाचं गणित बघ. अमेरिकेत बेसबॉलचा संघ घरच्या मैदानावर हंगामात ८१ सामने खेळतो, तिथल्या फुटबॉलचा संघ आठ किंवा नऊ. आठ! मध्ये दोन-चार मैफली आणि एखादी सभा धरली, तरी गर्दीच्या भरवशावर समोर गाळा घेणाऱ्याला भाडं बारा महिन्यांचं भरायचं असतं. आणि गर्दी येते ती थेट आत. खाणं-पिणं आत, टोपी-टीशर्ट आत, खेळ संपला की गाडी काढून घरी. त्यातून त्या संध्याकाळी जो पैसा खर्च होतो, तो त्याच माणसांनी नाहीतर सिनेमाला, हॉटेलात, दुसऱ्या कुठल्या भागात खर्च केला असता. शहराचा पैसा वाढत नाही, एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. रॉजर नोल आणि अँड्र्यू झिम्बालिस्ट या अर्थतज्ज्ञांनी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या स्टेडियमांचा हिशेब तपासून साधारण हेच मांडलं होतं. एरवी दोन अर्थतज्ज्ञ एका टेबलावर बसले की तीन मतं होतात, पण या बाबतीत त्यांचं आश्चर्यकारक एकमत आहे. फक्त ते ज्यांनी ऐकायला हवं, ते तेव्हा कोनशिला बसवत असतात.

आता तुला एक गोष्ट सांगतो, अमेरिकेतल्या अटलांटाची. ती कळल्यापासून मला माझी गल्ली वेगळी दिसायला लागली.

तिथे समरहिल नावाची जुनी वस्ती आहे. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय आणि ज्यू स्थलांतरित तिथे राहायला आले. १९६० च्या दशकात 'नूतनीकरण' या गोंडस नावाखाली त्या भागातली घरं पाडली. एकीकडून महामार्ग आले, दुसरीकडे १९६५ मध्ये स्टेडियम उघडलं. पुढे १९९६ च्या ऑलिम्पिकसाठी त्याच्या शेजारीच दुसरं बांधलं. ऑलिम्पिक झाल्यावर ते कापून-बेतून शहराच्या बेसबॉल संघाला दिलं, त्याचं नाव टर्नर फील्ड. आणि जुनं १९९७ मध्ये सुरुंग लावून पाडलं. त्या जागेवर काय केलं असेल? पार्किंग. हँक एरन या बेसबॉलपटूचा ७१५ वा होमरन (आपल्या सिक्सरसारखा फटका), ज्यानं बेब रूथचा विक्रम मोडला, तो जिथे जाऊन पडला तिथला कुंपणाचा तुकडा तेवढा ठेवला होता, गाड्यांच्या रांगांमध्ये. मॅचच्या दिवशी आसपासचे लोक आपापली अंगणं गाड्या लावायला द्यायचे. पन्नास वर्षांच्या विकासातून वस्तीच्या हाती पडलेला हा रोजगार.

आणि २० हंगाम झाले न झाले तोच संघ म्हणाला, आम्ही चाललो. २०१७ मध्ये ते शेजारच्या कॉब काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) नव्या स्टेडियमात गेले, जिथे काउंटीनं सुमारे ३० कोटी डॉलरचा भार उचलला. आता खरी गंमत. टर्नर फील्ड विद्यापीठानं घेतलं, पार्किंगच्या पटांगणांवर घरं उठायला लागली, आणि जॉर्जिया अव्हेन्यूवरचे वर्षानुवर्षं बंद असलेले जुने गाळे एकेक करत उघडले. खानावळी आल्या, पुढे मोठं किराणा दुकान आलं. पन्नास वर्षं 'स्टेडियममुळे भाग सुधारेल' ऐकलेली वस्ती स्टेडियमचा संघ गेल्यावर सुधारली! अर्थात भाडी आणि किमतीही चढल्या, आणि जुन्या रहिवाशांना हे सुख कितपत परवडतंय हा प्रश्न आहेच. तिकडे कॉबमध्ये नव्या मैदानाभोवती दुकानं, कचेऱ्या, घरं असं सगळं चकाचक उभं राहिलंय. त्याचं कौतुकही होतं. पण जे. सी. ब्रॅडबरी नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक त्याच काउंटीतल्या विद्यापीठात शिकवतात. त्यांनी आकडे मांडून दाखवलं की काउंटीनं घातलेला पैसा करांतून भरून निघत नाही. घरच्या अंगणातच खड्डा मोजणारा माणूस मला आवडला.

लॉस एंजेलिसचं वाचून मात्र दोन दिवस मन खट्टू झालं होतं. शावेझ रव्हीन नावाच्या टेकड्यांमध्ये मेक्सिकन-अमेरिकन लोकांच्या तीन वाड्या होत्या. १९५० च्या सुमारास त्यांना सांगितलं, इथे सरकारी घरं बांधायची आहेत, पहिला हक्क तुमचा. बहुतेक जण गेले. मग राजकारण फिरलं, घरांची योजनाच रद्द झाली, आणि जमीन बेसबॉलच्या संघाला मिळाली. मे १९५९ मध्ये उरलेल्यांना पोलिसांनी बाहेर काढलं, एका बाईला तर हातपाय धरून उचलून, आणि ते लोकांनी टीव्हीवर पाहिलं. १९६२ मध्ये डॉजर स्टेडियम उघडलं. आत ५६,००० माणसं मावतात, बाहेर सुमारे १६,००० गाड्या. एका गाडीला किती जागा लागते बघ, मग त्या टेकड्यांवर गाड्यांनी किती जमीन खाल्ली ते तुझं तूच काढ. जागा खातं ते मैदान नव्हे, त्याच्याभोवतीचं डांबर.

कॅनडातल्या माँट्रियलचं थोडक्यात, कारण ते तुझ्या सोसायटीच्या खजिनदाराला सांगण्यासारखं आहे. १९७६ च्या ऑलिम्पिकआधी महापौर झां द्रापो म्हणाले होते की पुरुषाला मूल होणं जितकं अशक्य तितकंच ऑलिम्पिकला तूट येणं. स्टेडियमचं कर्ज फिटलं २००६ मध्ये, तेही तंबाखूवरच्या खास कराच्या मदतीनं. गोल आकारामुळे त्याला 'बिग ओ' म्हणत. इंग्रजीत 'देणं लागतो' याचाही उच्चार 'ओ'च, त्यामुळे लोकांना नाव बदलावं लागलं नाही. तिथे खेळणारा बेसबॉलचा संघ कर्ज फिटायच्या दोन वर्षं आधी शहर सोडून गेला होता.

तू म्हणशील, हा सगळं वाईटच शोधून काढतो. तसं नाही. शिकागोचं बेसबॉलचं मैदान, रिग्ली फील्ड, बघ. १९१४ पासून ते घरांच्या रांगांमध्ये दाटीवाटीनं बसलंय. पार्किंगचा पसारा नाही, लोक लोकलनं येतात आणि चालत जातात, म्हणून वाटेतल्या दुकानांना गिऱ्हाईक मिळतं. समोरच्या इमारतींच्या गच्च्यांवरून मॅच दिसते. आधी लोक खुर्च्या टाकून फुकट बघायचे, मग तिकिटं लावून धंदाच सुरू केला. संघ कोर्टात गेला, आणि २००४ मध्ये ठरलं की गच्चीवाल्यांनी उत्पन्नातला १७ टक्के वाटा संघाला द्यायचा. (पुढे संघाच्या मालकांनी त्यातल्या बऱ्याच इमारतीच घेऊन टाकल्या. मालक ते मालकच.) पण माझा लाडका मुद्दा वेगळा. तिथे ८ ऑगस्ट १९८८ पर्यंत संघाची रात्रीची एकही मॅच झाली नव्हती. आधी मालकालाच दिवे नको होते, आणि १९८० च्या दशकात नव्या मालकांना हवेसे झाले तेव्हा शेजाऱ्यांनी काही वर्षं लावू दिले नाहीत. दिवे आले तेव्हाही हंगामात रात्रीचे सामने किती, हे शहराच्या नियमानं बांधलं. म्हणजे शेजाऱ्यांना तोंड होतं आणि त्यांचं ऐकलं जात होतं.

सॅन दिएगोतही बरं झालं. तिथे २००४ मध्ये पेट्को पार्क उघडलं, पण आसपास हॉटेलं आणि घरं बांधून घ्यायची जबाबदारी आधीच करारात संघाच्या मालकाच्या गळ्यात बांधली होती. जागेवर १९०९ मधली विटांची एक जुनी इमारत होती. ती पाडली नाही, मैदानातच सामावून घेतली. तिचा कोपरा आज फाउलची, म्हणजे फटका हद्दीबाहेर गेला का हे ठरवायची, खूण म्हणून वापरतात. उलट लंडनमध्ये २०१२ च्या ऑलिम्पिकचं स्टेडियम फुटबॉलसाठी बदलायला ३२ कोटी पौंडांवर खर्च आला आणि क्लबला ते वर्षाला सुमारे २५ लाख पौंड भाड्यानं दिलं, तब्बल ९९ वर्षांच्या करारानं. नगाला नग दोन्ही उत्तम. फरक कागदात आहे.

आता तुमच्या भावांबद्दल. तेही खोटं नाही. लंडनमध्ये वेम्ब्ली स्टेडियम आणि आर्सेनल या फुटबॉल क्लबच्या नव्या मैदानाभोवती घरांच्या किमती वाढल्याचं गॅब्रिएल आलफेल्ट आणि जॉर्जिओस कावेत्सोस यांनी अभ्यासून दाखवलंय. पण भाव वाढला की कोणाचा फायदा? जो विकून जातो त्याचा. तू तर म्हणतोस मरेपर्यंत इथेच. तळमजल्यावरच्या भाडेकरू काकू काय करतील, ते मी माझ्या घरमालकाकडून शिकलोय. तिसऱ्या वर्षी 'फ्लडलाइट व्ह्यू' म्हणून त्यानं भाडं वाढवलं आणि मी सामान बांधलं. विनोद नाही, खरंच असं म्हणाला होता तो.

तर सहीचं. 'स्टेडियम नको' एवढंच लिहिलेल्या अर्जावर सही करू नकोस. तो कचऱ्यात जाईल आणि तुम्ही विकासाचे वैरी ठराल. त्यापेक्षा कराराची प्रत मागा, ती पास व्हायच्या आधी. खर्च वाढला तर कोण भरणार, संघ वीस वर्षांनी उठून गेला तर जागा कोणाची, हे त्यात कुठे लिहिलंय का बघ. लिहिलेलं नसेल तर उत्तर 'तुम्ही' असं समज. पार्किंग किती हे विचार आणि आकडा जितका मोठा सांगतील तितका जास्त भांड. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला रस्त्याकडे तोंड करून गाळे असू देत, आणि एरवी सकाळ-संध्याकाळ आरपार चालत जायची वाट लेखी मागा. तोंडी नको. माझ्या त्या अकरा गेटांबद्दलही कुणीतरी कधीतरी तोंडी बोललं असणारच. रात्रीच्या मॅचचं बंधन मागायला लाजू नका, शिकागोवाले लाजले नव्हते.

आर्सेनलनं जुनं हायबरी मैदान २००६ मध्ये सोडलं, तेव्हा तिथे फ्लॅट झाले. बाजूच्या दोन स्टँडचे दर्शनी भाग राखले, आणि जिथे गवतावर ९३ वर्षं फुटबॉल चालला तिथे मधोमध रहिवाशांची बाग केली. तिचा फोटो मी कितीतरी वेळ बघत बसलो होतो. ज्या मैदानाचं उद्या घर होऊ शकतं, ते आजही घरांच्या मापाचं असतं, नाही का? तुमच्याकडच्या नकाशावर हा प्रश्न विचारून बघ. आर्किटेक्ट चमकेल.

मीटिंगला एकटा जाऊ नकोस, काकूंना घेऊन जा. त्यांच्यासमोर कुणाची 'नंतर बघू' म्हणायची छाती होत नाही. वहिनींना नमस्कार सांग, आणि पुढच्या पत्रात मुद्दा पहिल्या ओळीत लिही.

तुझा,
मन्या

ता. क. : तू पाठवलेलं पेपरातलं रंगीत चित्र भिंग घेऊन पाहिलं. स्टेडियम झकास आहे, कारंजंही आहे. तुमची इमारत शोधत होतो. त्या जागी झाडं दाखवली आहेत.