साप नव्हतेच, चाचे मात्र होते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१७ मार्चच्या आपल्या अंकात आयर्लंडचा संत सेंट पॅट्रिक याच्यावर छोटी चौकट होती. हिरवे कपडे, शॅमरॉक नावाच्या रोपट्याची तीन पाने आणि संताने आयर्लंडमधले साप समुद्रात हाकलल्याची गोष्ट. मुलांना सांगायला छान आहे. पण त्या बेटावर साप नाहीत, हे सोलिनस नावाच्या रोमन लेखकाने पॅट्रिकच्या जन्माआधीच लिहून ठेवले होते. हिमयुग सरले, बेटाभोवती समुद्र आला आणि साप तिकडे पोहोचलेच नाहीत. हाकलायचे कोणाला?

चौकटीत जागा कमी असते, मान्य. तरी या संताला पोरवयात चाच्यांनी पळवून नेले होते, एवढे एक वाक्य हवे होते. ही पाचव्या शतकातली हकिकत त्याने स्वतः लॅटिनमध्ये लिहिली आहे. रोमन ब्रिटनमधले खातेपिते घर, वडील चर्चचे डीकन, म्हणजे पाद्र्याच्या खालच्या पदावरचे, आजोबा पाद्री. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याला धरून आयर्लंडला नेले. आपल्यासोबत हजारो माणसे होती, असे तो म्हणतो. सहा वर्षे त्याने तिथे गुलामीत काढली, बर्फापावसात मेंढरे राखली. मग पळाला, दोनशे मैलांवरचे गलबत गाठले. तिथल्या तांडेलाने आधी साफ झिडकारले. हा मागे फिरला, तेवढ्यात खलाशांपैकी एकाने हाक मारून परत बोलावले. घरी पोचलेला हा माणूस पुढे बिशप होऊन, आपण होऊन, त्याच बेटावर परत गेला.

मला अप्रूप आहे ते त्याच्या दुसऱ्या लिखाणाचे, कारण ते चक्क एक पत्र आहे. कोरोटिकस नावाच्या सरदाराचे सैनिक, नावाचे ख्रिस्तीच, आयर्लंडात उतरले. पॅट्रिकने आदल्याच दिवशी बाप्तिस्मा दिलेली माणसे अजून पांढऱ्या कपड्यांत होती, कपाळावरच्या तेलाचा वास गेलेला नव्हता. काहींना कापले, उरलेल्यांना पकडून नेऊन ब्रिटनच्या उत्तरेकडच्या पिक्ट लोकांना विकले. पॅट्रिकने लहानपणापासून शिकवलेल्या एका पाद्र्याच्या हाती पत्र पाठवले : निदान कैदी तरी सोडा, लुटीतले थोडे परत द्या. सैनिक हसले. तेव्हा त्याने हे दुसरे, उघड पत्र लिहिले. गॉलमधले, म्हणजे आजच्या फ्रान्सकडचे, ख्रिस्ती लोक फ्रँक टोळ्यांना हजारो सोन्याची नाणी मोजून कैदी सोडवून आणतात आणि तुम्ही आपल्याच धर्माची माणसे परक्यांना विकता, असा त्याचा सरळ सवाल. पुढे तो लिहितो, आम्ही आयरिश आहोत, हेच त्यांना कमीपणाचे वाटते. 'आम्ही' हा शब्द पाहा. ज्यांच्या मुलखात त्याने सहा वर्षे गुलामी केली, त्यांच्या बाजूने हा ब्रिटन माणूस 'आम्ही' म्हणतोय. त्याच्या आत्मकथनातही एक ओळ आहे की गुलामीत अडकलेल्या बायकांना सर्वांत जास्त सोसावे लागते. हे त्याने पुस्तकात वाचलेले नव्हते.

त्यापुढे साप काय नि शॅमरॉक काय. तुकोबांचे अभंग कपाटात ठेवून फक्त वैकुंठाचे विमान सांगत बसावे, तसेच हे. चमत्कार नंतरच्या चरित्रकारांनी रचले आणि त्यांचे त्यांना लखलाभ. पण इथे माणसाचा स्वतःचा मजकूर हाताशी आहे.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वर्षी सापांची चौकट हवी तर ठेवा, पण तिच्याखाली या पत्रातल्या दोन-चार ओळी छापा. आपले पत्र कोणी दडपू नये, सगळ्या लोकांसमोर आणि खुद्द कोरोटिकससमोर वाचून दाखवावे, असे त्याने शेवटी लिहिलेच आहे.

आपला एक वाचक,
चिपळूण